भांडवल, पत आणि मानलेली नाती : मराठी-पंजाबी साहित्यव्यवहाराच्या संदर्भात

१

‘सामाजिक भांडवल’ ही संज्ञा समाजशास्त्रातून साहित्याभ्यासात येऊन स्थिरावली आहे. पिएर बोर्द्यू यांनी १९८० मधील एका टिपणात आणि पुढे १९८६ च्या भांडवलाच्या प्रकारांविषयीच्या निबंधात तिची मांडणी केली. जेम्स कोलमन यांनी १९८८ मध्ये तिला वेगळे वळण दिले. रॉबर्ट पटनम यांच्या ‘बोलिंग अलोन’ (२०००) या ग्रंथाने ती विद्यापीठांबाहेर नेली. ओळखीपाळखी, परस्परविश्वास आणि देवघेवीचे संकेत यांतून माणसाला जे पाठबळ मिळते तेही एक प्रकारचे भांडवल असते, ते साचवता येते आणि गरजेला वापरता येते, हा या मांडणीचा गाभा होय. रक्ताच्या किंवा विवाहाच्या संबंधाशिवाय जोडली जाणारी नाती, म्हणजे मानलेला भाऊ, धर्माची बहीण, गुरुबंधू, पागोटेबंधू, ही अशा भांडवलाचे ठळक उदाहरण म्हणून सांगितली जातात. परक्या मुलखात, परक्या जातीत किंवा संकटकाळी ती उपयोगी पडतात, हे निरीक्षण चूक नाही.

मात्र ही संज्ञा मराठीत उतरवताना भाषाच एक अडसर उभा करते. मराठीत भांडवल ‘असते’ आणि भांडवल ‘केलेही’ जाते. पहिल्या प्रयोगात दोष नाही. दुसऱ्यात उघड निंदा आहे. एखाद्याने आपल्या दुःखाचे, जातीचे किंवा नात्याचे भांडवल केले असे म्हटले की ऐकणाऱ्याला त्यात लबाडीचा वास येतो. म्हणजे नात्यापासून लाभ होतो हे मराठी मनाला मान्य आहे. तो लाभ ज्याचा त्याने उचलून वापरावा हे मात्र मान्य नाही. लाभ नाकारला गेलेला नाही, त्याचा हिशेब वेगळ्या वहीत मांडला गेला आहे. त्या वहीसाठी मराठीत एक जुना शब्द आहे : पत. बाजारात पत म्हणजे उधार मिळण्याची लायकी. समाजात पत म्हणजे शब्दाचे वजन. पंजाबीतही ‘पत’ हा शब्द आहे आणि तेथे त्याचा अर्थ लाज, अब्रू, इज्जत असा होतो. ‘पत रखणी’ म्हणजे अब्रू राखणे. एका भाषेत सावकारी आणि दुसऱ्या भाषेत नैतिक वळणाने जाणारा हा शब्द मानलेल्या नात्यांच्या तौलनिक विचारासाठी अधिक नेमका ठरतो, हे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. भांडवल ज्याच्याजवळ असते त्याचे असते. पत मात्र ज्याची असते त्याच्याजवळ कधीच नसते. ती इतरांच्या मनात ठेव म्हणून असते आणि नाते निभावण्याची वेळ आली की तपासली जाते.

हा प्रश्न चंडीगढच्या संदर्भात उपस्थित करण्याला कारण आहे. १९४७ मध्ये लाहोर गमावलेल्या पूर्व पंजाबला राजधानी हवी होती म्हणून हे शहर वसवले गेले. ल कॉर्बुझिए १९५१ मध्ये येथे आले आणि ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी शहराचे उद्घाटन केले. शिवालिकच्या पायथ्याशी नांदणारी खेडी उठवून आखलेल्या या वस्तीत मोहल्ल्यांना पूर्वजांची नावे नव्हती. सेक्टरांना आकडे होते. लाहोरला १८८२ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठही निर्वासितासारखे ठिकाणे बदलत १९५६ मध्ये येथे येऊन पोचले. शेजारी कोणाचा कोण हे ठाऊक नसलेल्या अशा शहरात नाती आधी सापडत नाहीत, ती जोडावी लागतात. पंजाबी खेड्यात ‘पिंड दी धी’ ही साऱ्या गावाची लेक असते, गावात सोयरीक होत नाही आणि त्यामुळे समवयस्क मुलगी आपोआप बहीण ठरते. आकड्यांच्या सेक्टरात हा आपोआपपणा संपतो. उरते ते केवळ संबोधन, आणि त्या संबोधनाला वजन कोठून येते हा प्रश्न. याच शहराच्या राजभवनात १९५८ ते १९६२ या काळात राज्यपाल म्हणून राहिलेले नरहर विष्णू गाडगीळ मराठी वाचकाला ‘काकासाहेब’ म्हणूनच ठाऊक आहेत, हा योगायोग येथे सूचक वाटतो. सार्वजनिक पुरुषाला नात्याने हाक मारण्याची मराठी रीत त्याच्या पतीची मोजणी असते : काका, अण्णा, दादा, बाबा ही पदे कोणी स्वतःला घेत नाही, लोक देतात आणि लोकच काढून घेऊ शकतात.

२

इंग्रजी मानवशास्त्राने या नात्यांना ‘फिक्टिव्ह’, म्हणजे कल्पित, असे विशेषण दिले. शेजारच्या तीन भारतीय भाषांत त्यांना काय म्हणतात हे पाहिले तर विशेषणातील भेद बोलका ठरतो. हिंदीत भाऊ ‘मुँहबोला’ असतो. नाते उच्चाराने सिद्ध होते. पंजाबीत तो ‘धरम दा भरा’ असतो. नात्याला साक्ष धर्माची असते. मराठीत धर्माचा भाऊ आहेच, पण अधिक रूढ शब्द ‘मानलेला भाऊ’ हा आहे. ‘मानणे’ या क्रियापदात समजणे आहे, कबूल करणे आहे आणि मान देणेही आहे. तिन्ही भाषांपैकी एकीलाही हे नाते कल्पित वाटत नाही. तिघींच्या लेखी तो कृतीने सिद्ध होणारा व्यवहार आहे. कृती तेवढी वेगळी : बोलणे, साक्ष ठेवणे, मानणे.

मराठीतील कृदंत रूप येथे विशेष लक्षात घेतले पाहिजे. ‘मानलेला’ हे कर्मणी रूप आहे. भाऊ मानला गेला. कोणी मानला, हे वाक्य सांगत नाही. पुढील विवेचनात हा न सांगितलेला कर्ताच महत्त्वाचा ठरणार आहे. मानण्याचा अधिकार सर्वांना सारखा असतो का? एखाद्या स्त्रीने, दासीने, अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाने कोणाला आपले मानले, तर समाज ते मानतो का? सामाजिक भांडवलाच्या मांडणीत हा प्रश्न कडेला राहतो, कारण तेथे भांडवल किती आहे हे मोजले जाते. ते नाणे कोणाच्या हातचे चालते आणि कोणाच्या हातचे खोटे ठरते, हे तेथे सहसा विचारले जात नाही. साहित्य मात्र नेमके तेच विचारत आले आहे.

३

पुरुषांच्या जगात या व्यवहाराचे सर्वांत दृश्य चिन्ह म्हणजे डोक्यावरचे वस्त्र. पंजाबीत ‘पग वटाउणी’ म्हणजे पगड्यांची अदलाबदल. तिने दोन पुरुष ‘पग-वट भरा’ होतात. स्त्रियांत ओढणीची अशीच अदलाबदल होते. डोक्यावरचे वस्त्र ही पतीची मूर्त खूण. ती दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणे म्हणजे आपली पत त्याच्या हवाली करणे. येथे कोणी काही मिळवत नाही. दोघेही काहीतरी गहाण ठेवतात.

रणजितसिंह आणि कपूरथळ्याचे फतेहसिंह अहलुवालिया यांनी १८०२ मध्ये अशी पगड्यांची अदलाबदल केली. दोन मिसलींच्या या बंधुत्वाचा लाहोरच्या सत्तेला झालेला उपयोग इतिहासकारांनी नोंदवला आहे. १८०५ मध्ये यशवंतराव होळकर इंग्रजांशी लढत अमृतसरपर्यंत आले आणि त्यांनी शीख सरदारांचे साहाय्य मागितले. ते मिळाले नाही. जानेवारी १८०६ मध्ये कंपनीशी झालेल्या तहावर रणजितसिंह आणि फतेहसिंह या दोघांची नावे एकत्र येतात. एका पागोट्याने जोडलेले हे दोन भाऊ यशवंतरावांच्या बाबतीत मात्र परकेच राहिले. पुढे लाहोर वाढत गेले, कपूरथळा झाकोळत गेला आणि १८२५ मध्ये फतेहसिंह भीतीने सतलज ओलांडून इंग्रजांच्या आश्रयास गेले. १८२७ मध्ये समेट होऊन ते परतले. भांडवलाच्या भाषेत हे एक फायदेशीर नाते होते आणि त्याचा फायदा एका बाजूला साचत गेला. पतीच्या भाषेत सांगायचे तर थोरल्याने धाकट्याच्या पगडीचे भांडवल केले, आणि ज्या क्षणी धाकट्याला ते उमगले त्या क्षणी बंधुत्व हे नुसते नाव उरले.

मराठी बाजूस याहून गुंतागुंतीची दोन उदाहरणे एकाच दशकात सापडतात. १७५४ मध्ये मराठ्यांनी सूरजमल जाटाच्या कुंभेर किल्ल्याला वेढा घातला. वेढ्यात मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव मारले गेले आणि मल्हाररावांनी सूडाची प्रतिज्ञा केली. भरतपूरच्या परंपरेनुसार राणी हंसिया हिने या पेचातून वाट काढण्यासाठी सूरजमलाचे पागोटे जयाप्पा शिंदे यांच्याकडे पाठवले. जयाप्पांनी ते बंधुत्व स्वीकारले आणि वेढा उठण्याची वाट मोकळी झाली. पागोटे पुरुषाचे, पण ते धाडण्याचा विचार आणि धाडस राणीचे, ही गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. पुढच्याच वर्षी जयाप्पांचा नागोरजवळ खून झाला. १७६१ च्या जानेवारीत पानिपतावरून जीव घेऊन पळालेल्या मराठ्यांना सूरजमलाने आश्रय, अन्न आणि वस्त्र दिले, तेव्हा त्याचा पागोटेबंधू हयात नव्हता आणि स्वतः सूरजमल मोहिमेच्या आरंभीच सदाशिवरावभाऊंशी मतभेद होऊन मराठ्यांच्या छावणीतून निघून गेलेला होता. हा आश्रय पागोट्याच्या नात्याचे फळ होते असे सिद्ध करता येणार नाही. तरी मराठी स्मरणात सूरजमलाची जी पत राहिली ती त्याला काही मिळाले म्हणून राहिलेली नाही. परतफेडीची आशा नसताना त्याने खर्च केला, म्हणून राहिली.

दुसरे उदाहरण नजीबखान रोहिल्याचे. मल्हारराव त्याला धर्मपुत्र मानत, ही गोष्ट पानिपतविषयक मराठी लेखनात रूढ आहे. १७५७ मध्ये दिल्लीत नजीब मराठ्यांच्या हाती सापडला असता मल्हाररावांच्या मध्यस्थीने सुटला. त्यानेच अब्दालीला पाचारण केले. जानेवारी १७६० मध्ये बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले आणि वर्षभरात पानिपत घडले. कृष्णाजी शामराव याच्या नावे असलेली ‘भाऊसाहेबांची बखर’ या प्रसंगाकडे ज्या रीतीने पाहते ती वाङ्मयीन दृष्ट्या महत्त्वाची आहे. बखरीत मल्हाररावांच्या तोंडी एक सल्ला घातला आहे. त्याचा आशय असा की नजीबासारखा शत्रू मुळासकट संपवला तर पेशव्यांना सरदारांची गरज उरणार नाही. हा सल्ला मल्हाररावांनी प्रत्यक्षात दिला की नाही, हा इतिहासकारांचा प्रश्न झाला. बखरकाराने धर्मपुत्राच्या नात्याशेजारी हा हिशेब आणून ठेवला, हा समीक्षेचा प्रश्न आहे. पुत्र हा शब्द आणि स्वार्थाचा ताळा एकाच कथनात येताच वाचकाला नात्याचे भांडवल झालेले दिसते. बखरकाराने वेगळी टीका करण्याची गरज उरत नाही.

पगडीचा हा प्रवास आधुनिक मराठीत एका विलक्षण ठिकाणी येऊन थांबला आहे. मुंबईत भाड्याची खोली मिळवण्यासाठी भाड्याव्यतिरिक्त जी रक्कम मोजली जाई तिला ‘पागडी’ म्हणतात. पत गहाण ठेवण्याची जी खूण होती तिचा रोकड रकमेत झालेला हा शब्दबदल म्हणजे पतीचे भांडवलात रूपांतर कसे होते याचे भाषेनेच लिहून ठेवलेले टिपण होय.

४

पुरुषांचे नाते राज्य वाचवते किंवा बुडवते. स्त्रियांचे मानलेले नाते वेगळ्या गरजेतून येते. जात्यावरच्या ओवीत भाऊ हा मध्यवर्ती विषय आहे, कारण भाऊ म्हणजे माहेर आणि माहेर म्हणजे सासरी असलेल्या स्त्रीची पत. ज्या बाईला भाऊ नाही तिला तो मानून घ्यावा लागतो. मानलेल्या भावाच्या ओव्या या गरजेतून जन्माला येतात. भाऊबीजेची ओवाळणी, चोळी-बांगडी, न्यायला येणारा मुऱ्हाळी यांचे मोल पैशात अल्प असते. पण तिच्यामागे कोणी विचारणारे आहे ही गोष्ट सासरच्या उंबऱ्याला कळते, आणि तेच तिचे संरक्षण असते.

या भावनेच्या तळाशी असलेला व्यवहार दृष्टिआड करता येत नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला वारसाहक्क मिळाला. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत तिला मुलाइतका जन्मसिद्ध वाटा महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. तरी महाराष्ट्रात हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेतली जाते आणि पंजाबातही जमिनीवरचा वाटा भावासाठी सोडणे हे चांगल्या बहिणीचे लक्षण समजले जाते. सख्ख्या भावाचे माहेर टिकवण्याची किंमत बहीण जमिनीत मोजते. मानलेल्या भावाकडे तिने सोडण्यासारखा वाटा नसतो आणि त्याने दडपण्यासारखा हक्कही नसतो. म्हणून ओवीतल्या मानलेल्या भावाकडे सख्ख्याची उणीव भरून काढणारी उसनी सोय एवढ्याच दृष्टीने पाहणे अपुरे आहे. भाऊपण वाटणीपासून सुटले तर कसे असेल, याची ती एक कल्पना आहे.

अमृता प्रीतम यांची ‘पिंजर’ (१९५०) ही कादंबरी या प्रश्नाला दुसऱ्या टोकाने भिडते. कादंबरीचा आरंभ कर्जापासून होतो हे विसरले जाते. पुरोला पळवून नेणारा रशीद सांगतो तो दोन घराण्यांमधील जुना हिशेब आहे : गहाण पडलेले घर, चढत गेलेले व्याज आणि त्यापायी त्याच्या घरातील एका स्त्रीची झालेली विटंबना. पुरो ही त्या हिशेबाची वसुली ठरते. संधी साधून ती माहेरी परतते तेव्हा आईवडील तिला घरात घेत नाहीत. रक्ताचे नाते पतीच्या भयाने मिटते. पुढे तिचे नाव हमीदा असे बदलून हातावर गोंदवले जाते. मानले जाण्याचे हे अत्यंत क्रूर रूप आहे, कारण मानणारा कर्ता येथे ती स्वतः नाही.

कादंबरीतील वेड्या बाईच्या मुलाचा भाग मानलेल्या नात्यांच्या विचारात मध्यवर्ती मानावा लागतो. गावात भटकणारी एक वेडी बाळंत होऊन मरते आणि हमीदा तिचे मूल पदराखाली घेते, अंगावर पाजते, वाढवते. ती वेडी हिंदू होती असे गावातील हिंदूंच्या लक्षात येते आणि मूल काढून नेले जाते. मुलाचे पोषण होत नाही, ते मरणाला टेकते, आणि मग तेच लोक त्याला पुन्हा तिच्या ओटीत आणून टाकतात. वेडी जिवंत असताना तिच्यावर कोणाचा हक्क नव्हता. तिच्या मुलावर मात्र अवघ्या समाजाचा हक्क निघाला. आई मानण्याची कृती दूध पाजणाऱ्या बाईने केली, आणि ती मंजूर करण्याची किंवा फेटाळण्याची सत्ता तिच्याकडे नव्हती. मूल परत येते तेही तिचे आईपण मान्य झाले म्हणून नव्हे, त्याचा भार नको झाला म्हणून.

फाळणीनंतर दोन्ही राज्यसत्तांनी हेच गावाचे तत्त्व कायद्यात आणले. पळवून नेलेल्या स्त्रियांना परत आणण्यासाठी भारतात १९४९ मध्ये अपहृत व्यक्तींविषयीचा कायदा झाला. त्या स्त्रीचे घर कोणते हे ठरवताना तिचे म्हणणे निर्णायक मानले गेले नाही. ती जन्माने कोणत्या धर्माची हे पाहिले गेले. या पार्श्वभूमीवर कादंबरीचा शेवट पाहावा. लाजो ही पुरोच्या भावाची पत्नी. फाळणीत तिला पळवले जाते. रशीद आणि पुरो तिला सोडवून आणतात. सीमेवर भाऊ पुरोलाही सोबत येण्यास सांगतो. ती नकार देते आणि सुखरूप घरी पोचणाऱ्या प्रत्येक मुलीच्या रूपाने आपणच पोचलो असे समजावे, अशा आशयाचे बोलते. या शेवटाकडे अनेकदा त्याग म्हणून पाहिले जाते. त्यात एक वेगळी कृतीही आहे. ज्या स्त्रीला आजवर इतरांनी हवे तसे मानले ती येथे प्रथमच स्वतः ‘मानते’ : हिंदू असो वा मुसलमान, प्रत्येक परतणारी मुलगी तिची स्वतःची होते. ‘मानलेला’ या कर्मणी रूपातील हरवलेला कर्ता तिच्या नकारात दिसू लागतो.

५

मराठी परंपरेत हा कर्ता शोधायचा तर संतसाहित्याकडे जावे लागते, आणि मराठी-पंजाबी संबंधांचा विचार करताना नामदेवांपासून. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांनी आयुष्याचा उत्तरकाळ घालवला अशी पंजाबी परंपरेची श्रद्धा आहे. तेथील बावा घराणी आपली परंपरा नामदेवांचे शिष्य बहोरदास यांच्याशी जोडतात. पंजाबातील छिंबा, म्हणजे कापडावर छपाई व शिवणकाम करणारा समाज, नामदेवांना आपले मानतो. महाराष्ट्रातील नामदेव शिंपी समाजाचेही ते आपले. दोन भाषांत, दोन धर्मपरंपरांत एका व्यवसायाच्या नात्याने एकच पूर्वज मानला गेला. समाधीही दोन ठिकाणी सांगितली जाते, पंढरपूरच्या महाद्वारी पायरीशी आणि घुमानला. कोणती खरी हा वाद घालण्यापेक्षा दोन मुलखांना एका माणसाचे अंत्यसंस्कार आपल्याकडे झाले असे सांगावेसे वाटते, याचा अर्थ लावणे अधिक फलदायी ठरते. अंत्यसंस्काराचा अधिकार हा नात्याचा अखेरचा पुरावा असतो. ख्रिश्चन नोवेट्झके यांनी नामदेवांवरील २००८ च्या ग्रंथात सार्वजनिक स्मृतीची जी मांडणी केली आहे ती या दृष्टीने उपयुक्त आहे; तीत नात्याच्या हक्काचा हा पैलू मिळवावा लागेल.

दोन्ही परंपरांनी जतन केलेली एक कथा येथे तुलनेस योग्य आहे. कीर्तनात रंगलेल्या नामदेवांना हीन जातीचे म्हणून देवळातून उठवले जाते. ते मागे जाऊन गाऊ लागतात आणि देऊळ त्यांच्याकडे तोंड फिरवते. गुरू ग्रंथसाहिबातील नामदेवांच्या पदात हा प्रसंग त्यांच्या स्वतःच्या तोंडी येतो. मराठीत तो औंढा नागनाथाशी जोडला जातो. नाते जोडणाऱ्याला जमाव बाहेर काढतो आणि नाते मानले जाते ते देवाकडून. पण कथा येथे थांबत नाही, कारण जमाव बदलला असे ती कोठेही सांगत नाही. वळले ते देऊळ. माणसे होती तशीच राहिली.

नामदेवांच्या घरातही ही मर्यादा होती. गंगाखेडहून आलेली पोरकी जनाबाई दामाशेटींच्या घरी वाढली. परंपरेने तिला संतपद दिले, पण तिच्या नाममुद्रेत ती नामयाची दासीच राहिली. दळण, कांडण, शेणी वेचणे ही कामे तिच्या अभंगांत आहेत आणि त्या कामांत हात लावणारी आई म्हणून विठ्ठल आहे. घराने तिला लेक मानले असते तर तिला देवाला आई मानण्याची निकड किती उरली असती, हा प्रश्न भक्तिभावाला न दुखावताही विचारता येतो. वारकऱ्यांचे ‘माउली’ हे संबोधन या दृष्टीने दुहेरी आहे. वारीच्या वाटेवर ते कोणालाही देता येते आणि पाया पडणाऱ्याच्या पाया पडले जाते. गावी परतल्यावर पाणवठा आणि पंगत त्याला बांधील नव्हती.

या मर्यादेच्या बाहेर पाऊल टाकल्याची एक आठवण परंपरेने जपली आहे. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून चोखामेळ्यांचा अंत झाला, तेव्हा नामदेव तेथे गेले आणि ढिगाऱ्यातून विठ्ठलनामाचा ध्वनी येणाऱ्या अस्थी वेचून त्यांनी पंढरपुरी आणल्या. अस्थी वेचणे हे पुत्राचे किंवा भावाचे काम. शिंप्याने महाराच्या अस्थी वेचणे म्हणजे आपली पत पणाला लावणे. मानलेल्या नात्याचे मराठीतील सर्वांत मोठे उदाहरण हेच म्हणावे लागेल. आणि त्याची कसोटीही त्याच जागी आहे : चोखोबांची समाधी झाली ती महाद्वारासमोर, पायरीच्या बाहेर. नामदेवांनी जे नाते मानले ते देवळाने अस्थींपुरतेही आत घेतले नाही. ही पायरी ओलांडण्यासाठी मे १९४७ मध्ये साने गुरुजींना पंढरपुरात दहा दिवस उपोषण करावे लागले. पुढच्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरील आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला. तीन भाषांतील, तीन मुलखांतील हे तीन पूर्वज एका अर्पणपत्रिकेत आणणे हीही मानण्याचीच कृती. यावेळी मानणारा कर्ता मात्र ज्याला आजवर पायरीबाहेर ठेवले होते तो आहे.

पंजाबात हेच बंधुत्व संस्थारूप झाले. १६९९ मध्ये आनंदपूर साहिब येथे खालसा निर्माण झाला तेव्हा पुढे आलेल्या पाचांत परंपरेनुसार द्वारकेचे छिंबा मोहकमसिंह होते आणि बिदरचे न्हावी साहिबसिंह होते. खालशाचा पिता गुरू गोविंदसिंह आणि माता साहिब कौर, अशी नवी वंशावळ प्रत्येक अमृतधारीला मिळते. त्या पित्याचा अंत १७०८ मध्ये नांदेडला झाला, म्हणून घुमानच्या उलट दिशेने एक नाते पंजाबातून गोदातीरी येते. जन्माची जात पुसून सर्वांना एकच मायबाप देणारी ही रचना मानलेल्या नात्याची सर्वांत धाडसी योजना होय. तरीही पंजाबातील गावोगावी बिरादरीनिहाय वेगळे गुरुद्वारे उभे राहिले, आणि त्यांत नामदेवांच्या नावाचेही आहेत. वारीनंतरचा पाणवठा आणि अमृतानंतरची बिरादरी यांतील साम्य दोन्ही परंपरांच्या अभ्यासकांनी एकत्र तपासण्याजोगे आहे.

६

वरील विवेचनातून तीन गोष्टी पुढे येतात. पहिली अशी की साहित्य मानलेल्या नात्याचा लाभ क्वचितच सांगते. ते नाते कसोटीला लागण्याचा क्षण सांगते. सतलज ओलांडणारे फतेहसिंह, पानिपतातून पळालेल्यांना अन्न देणारा सूरजमल, अस्थी वेचणारे नामदेव, सीमेवर नकार देणारी पुरो हे सर्व खर्चाचे क्षण आहेत. मराठी म्हणते, माणूस नात्याला ‘जागतो’. इतरांनी झोपावे तेव्हा जागे राहण्याचे हे काम आहे. दुसरी गोष्ट, ज्याने त्यातून लाभ उचलला त्याची पत त्याच प्रमाणात उतरते, म्हणून संचयाचे गणित येथे उलटे चालते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मानण्याची कृती करायला पत लागते, आणि पत सर्वांना सारखी वाटून दिलेली नाही. राणी हंसियाला पागोटे पाठवता आले कारण ते पुरुषाचे होते. जनाबाईला देव मानता आला, पण घर मानता आले नाही. हमीदाचे आईपण मुलाच्या मरणकळेने तात्पुरते मंजूर झाले. ज्या समाजात अशी नाती विपुल आहेत तो समाज विश्वासाने समृद्ध असतो, हा निष्कर्ष म्हणूनच घाईचा ठरतो. कोणाचे मानणे ग्राह्य धरले गेले, हे विचारल्याखेरीज ती समृद्धी मोजता येणार नाही.

एप्रिल २०१५ मध्ये ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली घुमानला भरले. त्या निमित्ताने मराठी आणि पंजाबी या भगिनीभाषा असल्याचा उल्लेख वारंवार झाला. भाषांचे भगिनीपणही मानलेलेच असते आणि त्यालाही वरील कसोटी लागू पडते. मराठी वाचक नामदेवांची गुरू ग्रंथसाहिबातील पदे गुरुमुखीच्या परंपरेतून, तेथील अर्थपद्धतीसह वाचतो का, आणि पंजाबी वाचकाला जनाबाई व चोखामेळा त्यांच्या प्रश्नांसह पोचतात का, यावर त्या नात्याची पत ठरेल. संमेलने आणि संबोधने हे नात्याचे पागोटे झाले. अनुवाद आणि अध्यापन हे त्यानंतरचे जागणे आहे, आणि चंडीगढसारख्या शहरातील विद्यापीठांत ते दोन्ही बाजूंनी अद्याप बरेचसे करावयाचे उरले आहे.